सोलापूरच्या माळ्यांवरील संगणक-कॅसेट भंगारात जाण्यापूर्वी वाचल्या जाव्यात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या माध्यमातून सोलापूरकरांपुढे एक विषय ठेवण्याची इच्छा आहे. १९८० नंतरच्या दशकात आपल्या शहरातील काही घरांत आणि कारखान्यांच्या कचेऱ्यांत जे पहिले छोटे संगणक आले, त्यांच्यासोबतच्या कॅसेट आज माळ्यावरून थेट भंगाराच्या गाडीवर जात आहेत. यंत्र गेले तर तसेच दुसरे यंत्र कोठे तरी मिळू शकेल. परंतु त्या कॅसेटवर इथल्याच एखाद्या माणसाने स्वतः लिहून ठेवलेला प्रोग्राम गेला, तर त्याची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. मी जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, डिझाइनच्या कामात आयुष्य घालवले असून निवृत्तीनंतर परिचितांच्या घरच्या अशा कॅसेट वाचण्याचे काम हौसेने करतो. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

ज्यांनी ही यंत्रे पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. ब्रिटनमधील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक बाजारात आणला. झेड-८० जातीचा ३.५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १६ किलोबाइट रॉम (कायमची स्मृती), १६ किंवा ४८ किलोबाइट रॅम (तात्पुरती स्मृती), पडद्याच्या जागी घरचा टीव्ही आणि प्रोग्राम साठवण्यासाठी साधा कॅसेट रेकॉर्डर, असे त्याचे स्वरूप होते. १९८४ मध्ये त्याची स्पेक्ट्रम प्लस ही सुधारित आवृत्ती निघाली आणि डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ च्या सुमारास परवाना घेऊन ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने भारतात विकली. याच काळात एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून १९८४-८५ पासून देशातील निवडक शाळांमध्ये पोहोचला. या दोन्ही यंत्रांत वीज सुरू करताच बेसिक ही भाषा समोर येत असे, त्यामुळे घरात संगणक असणे आणि स्वतः प्रोग्राम लिहून पाहणे या दोन गोष्टी तेव्हा फार वेगळ्या नव्हत्या.

माळ्यावर सापडणाऱ्या बहुतेक कॅसेटवर खेळ असतात, आणि तेही प्रतीवरून केलेल्या प्रतीच. त्यांची काळजी करण्याचे कारण नाही. स्पेक्ट्रमचे व्यावसायिक खेळ 'वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम'सारख्या प्रकल्पांनी १९९५ पासून चिकाटीने गोळा करून, पडताळून, उत्तम रीतीने जतन केले आहेत. सोलापुरात सापडलेली एखाद्या खेळाची घासलेली प्रत त्यात काही भर घालत नाही. मात्र त्याच खोक्यात खाली एक-दोन कॅसेट अशा असतात, की ज्यांच्यावर छापील वेष्टन नसते. पेनाने 'हिशेब' किंवा 'नवीन' एवढेच लिहिलेले असते. त्या आधी वाचायला हव्यात.

पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखानदार कुटुंबाकडे अशीच एक कॅसेट मिळाली. घरातील मुलांसाठी घेतलेल्या डीबी स्पेक्ट्रम प्लसवर वडिलांनी कामगारांच्या आठवड्याच्या मजुरीचा हिशेब बसवला होता. पहिल्या रेम ओळीत, म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःसाठी टिपण ठेवण्याच्या ओळीत, १९८८ हे साल आहे. सिंक्लेअर बेसिकमध्ये आकड्यांच्या चलांना (प्रोग्राममध्ये किंमत साठवण्याच्या जागांना) हवे तेवढे लांब नाव देता येत असे, आणि या गृहस्थांनी त्या सवलतीचा पुरेपूर उपयोग केला आहे. 'मजुरी', 'उचल', 'बाकी', 'माग', 'नग' हे सगळे शब्द रोमन लिपीत, चलांची नावे म्हणून, ओळीमागून ओळ येतात. कामगाराने विणलेले नग, नगामागील दर, आधी घेतलेली उचल, त्या आठवड्यात कापायची रक्कम आणि दिवाळीपर्यंत राहणारी बाकी, असा तो क्रम आहे. उचल कापताना मजुरी विशिष्ट रकमेच्या खाली जाणार असेल, तर त्या आठवड्याची कपात पुढे ढकलणारी एक अट त्यात आहे. कारखान्याच्या वहीत कपातीचे आकडे सापडले असते; परंतु कपात केव्हा करायची नाही याचा मालकाने स्वतःसाठी ठरवलेला नियम इतक्या स्पष्टपणे वहीत लिहिलेला नसतो. त्या काळच्या यंत्रमाग धंद्याचा अभ्यास करणाऱ्याला याहून बोलका कागद मिळणे अवघड आहे.

येथे या यंत्राची एक खासियत सांगणे भाग आहे, कारण ती ठाऊक नसेल तर हाती आलेली माहिती डोळ्यांदेखत पुसली जाते. स्पेक्ट्रमवर सेव्ह ही आज्ञा दिली की प्रोग्रामसोबत त्या क्षणी चलांमध्ये असलेल्या किमतीही कॅसेटवर जातात. म्हणजे शेवटच्या वेळी साठवताना कामगारांची जी यादी आणि जे आकडे स्मृतीत होते, तेही कॅसेटवर असतात. परंतु प्रोग्राम लोड करून रन ही आज्ञा दिली, तर यंत्र आधी सर्व चले रिकामी करते. कॅसेटवरची प्रत शाबूत राहते हे खरे, पण पाहणाऱ्याला तेथे काही होते याचा पत्ताच लागत नाही. म्हणून रनऐवजी गो टू देऊन सुरुवात करावी. प्रोग्राम आपोआप सुरू होईल असा साठवला असेल, तर लोडऐवजी मर्ज वापरावे. मग तो स्वतःहून सुरू होत नाही आणि लिस्ट करून त्याची प्रत्येक ओळ शांतपणे वाचता येते. मुळात प्रोग्रामच्या ओळी वाचायच्या आधी आणि तो चालवायचा नंतर, हाच क्रम मला योग्य वाटतो.

त्याच कॅसेटवर हा प्रोग्राम अनेक वेळा, थोड्या थोड्या फरकाने साठवलेला आहे आणि त्या आवृत्त्या क्रमाने पाहिल्या म्हणजे लिहिणाऱ्याचा विचार कसा पुढे गेला ते दिसते. सुरुवातीच्या आवृत्त्यांत सर्व मजकूर रोमन लिपीत आहे. पुढे त्यांना पडद्यावर देवनागरी हवी असे वाटले. या यंत्रात वापरणाऱ्याने स्वतः काढायच्या चिन्हांसाठी २१ जागा असतात. प्रत्येक चिन्ह ८ बाय ८ ठिपक्यांचे. २१ जागांत देवनागरी बसत नाही हे उघड आहे, आणि एका आवृत्तीत फक्त मजुरीच्या पत्रकाला लागणारी मोजकी अक्षरे तेवढी काढलेली दिसतात. त्यानंतरच्या आवृत्तीत वाट बदलली आहे. अक्षरांचे नमुने स्मृतीत कोठून घ्यायचे हे सांगणारा पत्ता या यंत्रात २३६०६ आणि २३६०७ या दोन घरांत असतो. तेथे पोक या आज्ञेने वेगळे आकडे भरले की रॉममधील रोमन अक्षरांऐवजी आपण काढलेला ९६ चिन्हांचा संच पडद्यावर उमटू लागतो. एका चिन्हाला ८ बाइट, म्हणजे सगळा संच अवघ्या ७६८ बाइटांत मावतो.

देवनागरीचा खरा प्रश्न मात्र मात्रा आणि वेलांट्यांचा होता. ८ ठिपक्यांच्या उंचीत शिरोरेषा वरून तिसऱ्या ओळीवर धरून मात्रेसाठी दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. शेजारची घरे एकमेकांना चिकटलेली असल्यामुळे शिरोरेषा शब्दभर आपोआप जोडली जाते. ऱ्हस्व वेलांटीला व्यंजनाच्या आधी स्वतंत्र घर दिले आहे. मात्रा मात्र व्यंजनावरच छापायची, आणि त्यासाठी 'ओव्हर १' ही सोय वापरली आहे. तिच्यामुळे नवे चिन्ह जुन्यावर टाकता येते. परंतु या पद्धतीत जेथे दोन ठिपके एकमेकांवर येतात तेथे दोन्ही नाहीसे होतात. म्हणजे मात्रेच्या चिन्हात शिरोरेषेचा एकही ठिपका राहिला, तर अक्षराच्या माथ्याला भोक पडणार. या गृहस्थांनी मात्रेच्या नमुन्यातील शिरोरेषेची ओळ पूर्ण मोकळी ठेवली आहे. आधीच्या आवृत्तीत ती भरलेली आहे आणि नंतरच्या आवृत्तीत शून्य झाली आहे. भोक दिसले, कारण उमगले आणि दुरुस्ती झाली, हे सारे, अक्षरांच्या नमुन्यांचे आकडे जेथे लिहिलेले असतात त्या डेटा ओळीतील, एका आकड्याच्या बदलातून कळते. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना १९८८ मध्येच झाली आणि भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये आले, हे लक्षात घेतले म्हणजे सोलापुरातील एका कारखान्याच्या कचेरीत, कोणाच्याही मार्गदर्शनाविना झालेल्या या कामाचे मोल कळते.

मला त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही, अभिमान मात्र जरूर वाटला. सोलापुरी चादरीची नक्षी आम्ही चौकटीच्या कागदावर घर मोजून भरत आलो आहोत. भरलेले घर म्हणजे तार उचलायची आणि रिकामे घर म्हणजे खाली ठेवायची. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पडतात आणि जेकार्ड त्या भोकांनुसार ताण्याच्या तारा वर घेते. जोसेफ मारी जेकार्ड याने १८०४ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध केलेली ही रचना पुढे संगणकाच्या इतिहासाच्या आरंभीच्या पानांवर जाऊन बसली. चौकटीतून आकार पाहण्याची सवय ज्या गावातील हातांना पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या गावात ८ बाय ८ च्या घरात मराठी अक्षर बसवून पाहणारा माणूस निघावा, हे मला अगदी स्वाभाविक वाटते. असे आणखीही असतील. तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी इतकी घरे ज्या शहरात आहेत, तेथे कोणी त्या लिप्यांचीही अक्षरे काढून पाहिली असतील. कॅसेट वाचल्याशिवाय ते कळणार नाही.

वाचण्याची पद्धत अवघड नाही, पण तीत घाई चालत नाही. कॅसेटवरील प्रोग्राम हा शेवटी आवाज आहे. प्रथम सुमारे ५ सेकंद एकसुरी शिट्टी, त्यानंतर प्रोग्रामचे १० अक्षरांपर्यंतचे नाव व लांबी सांगणारा छोटा तुकडा, पुन्हा शिट्टी आणि मग प्रत्यक्ष मजकूर. त्यातील ० हा बिट आखूड स्पंदांचा आणि १ हा त्याच्या दुप्पट लांबीच्या स्पंदांचा असतो. प्रत्येक तुकड्याच्या अखेरीस एक पडताळणीचा बाइट असतो आणि तो जुळला नाही तर यंत्र 'टेप लोडिंग एरर' दाखवून थांबते. या बाइटमुळेच आपण वाचलेले बरोबर आहे की नाही याची बहुतांशी खात्री करता येते, ही फार मोठी सोय आहे.

माझे आग्रहाचे सांगणे असे की, जुन्या कॅसेटवरून प्रोग्राम थेट जुन्या यंत्रात लोड करण्याचा प्रयत्न सुरुवातीला करूच नये. आधी चांगल्या स्थितीतील, हेड स्वच्छ केलेल्या कॅसेट प्लेअरवरून दोन्ही बाजू आरंभापासून अंतापर्यंत आजच्या संगणकात ४४,१०० हर्ट्झ दराने, आकार कमी करण्यासाठी संकुचित न केलेल्या वेव्ह स्वरूपात ध्वनिमुद्रित कराव्यात. डॉल्बी (फितीची खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवावे आणि आवाज 'स्वच्छ' करणारे कोणतेही साधन वापरू नये, कारण त्यात नेमक्या स्पंदांच्या कडाच बोथट होतात. आवाज बसका येत असेल तर हेडच्या शेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून आवाज सर्वांत तीक्ष्ण येईल तेथे ठेवावा; मूळ रेकॉर्डरचे हेड ज्या कोनात होते त्याच कोनात ते आणावे लागते. एकदा ही ध्वनिप्रत हाती आली की पुढील सर्व प्रयोग तिच्यावर करता येतात आणि मूळ फितीला पुन्हा हात लावावा लागत नाही. नंतर त्या ध्वनीवरून टॅप किंवा टीझेडएक्स स्वरूपातील फाइल तयार करून ती 'फ्यूज'सारख्या मोफत एम्युलेटरमध्ये, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडता येते. स्पेक्ट्रमचा रॉम एम्युलेटरसोबत वाटण्यास अॅमस्ट्रॅड कंपनीने, जिने १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय विकत घेतला, पूर्वीच अनुमती दिलेली आहे.

पूर्ण ध्वनिप्रत ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. अनेक जण प्रोग्राम साठवण्याआधी त्याचे नाव स्वतःच्या आवाजात फितीवर बोलून ठेवत असत, जेणेकरून नंतर शोधणे सोपे जावे. वर उल्लेखलेल्या कॅसेटवर तेलुगू वळणाच्या सोलापुरी मराठीत 'हे पगाराचं, नवं' असे सांगणारा आवाज आहे. तो आवाज आता त्या घरात दुसऱ्या कोणत्याही फितीवर नाही. केवळ प्रोग्रामची फाइल काढून घेतली असती, तर तो मागेच राहिला असता.

घाई करण्याचे कारण आपले हवामान आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून कितीतरी अधिक उष्णता साठते. फितीवरील चुंबकीय भुकटी प्लास्टिकला धरून ठेवणारा थर उष्णतेने व दमटपणाने निकामी होतो, फीत वाकते, आणि आतील दाबाची स्पंजाची चकती गळून पडते. यातील चकती बदलता येते, पण सुटलेली भुकटी परत चिकटवता येत नाही. यंत्रांचीही हीच गत आहे. कळफलकाखालील प्लास्टिकची पातळ पट्टी कडक होऊन तडकते आणि विद्युतपुरवठ्यातील कपॅसिटर सुकतात. बीबीसी मायक्रोच्या विद्युतपुरवठ्यातील कागदी कपॅसिटर तर अनेक वर्षांनी वीज देताच धूर सोडून फुटतात, हे जगभरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना परिचित आहे.

कायद्याचा व खासगीपणाचाही विचार व्हायला हवा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे तिला संरक्षण असते. कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून स्वतःच्या, अव्यापारी वापरासाठी प्रत करण्यास कलम ५२ मध्ये मुभा आहे. परंतु एखाद्या संस्थेने घरगुती प्रोग्राम सर्वांसाठी खुला करायचा असेल, तर लेखकाची किंवा वारसांची लेखी संमती घेतलीच पाहिजे. शिवाय मजुरीच्या हिशेबात कामगारांची नावे आणि त्यांच्या उचलीच्या रकमा असतात. त्यातील अनेकांची मुले-नातवंडे याच शहरात राहतात. ती नावे झाकूनच असा मजकूर अभ्यासकांना दाखवावा. याबाबतीत सवलत असू नये, असे माझे ठाम मत आहे.

शाळांविषयी थोडे लिहितो. शहरातील एका शाळेने जुन्या साहित्याचे निर्लेखन करताना फ्लॉपींची खोकी न पाहताच देऊन टाकली, असे तेथील एका माजी शिक्षकांकडून कळले. नियमाप्रमाणे ई-कचरा अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे देणे योग्यच आहे. माझी विनंती इतकीच की, जडवस्तू संग्रह नोंदवहीतील संगणक साहित्य काढून टाकण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी त्यातील कॅसेट आणि फ्लॉपी वेगळ्या काढून ठेवाव्यात. विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रोग्राम त्यांत असू शकतात, आणि ते विद्यार्थी आज पन्नाशीच्या पुढचे असल्यामुळे त्यांच्याकडून माहिती विचारून घेणे अजून शक्य आहे.

प्रत्यक्षात काय करता येईल? हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या, नागरिकांचा विश्वास असलेल्या जागी महिन्यातून एखादा दिवस एक टेबल मांडले जावे, तेथे एक दुरुस्त केलेला कॅसेट प्लेअर आणि एक संगणक असावा, आणि मालकाच्या समक्ष फीत ध्वनिमुद्रित करून मूळ कॅसेट त्याच वेळी परत दिली जावी. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या महाविद्यालयातील इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी यंत्रांची तपासणी व दुरुस्ती करू शकतील. जुने यंत्र उघडून त्याचे कपॅसिटर बदलणे हा त्यांच्यासाठीही उत्तम पाठ ठरेल. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने ध्वनिप्रती, वाचलेल्या ओळी आणि घरच्यांनी सांगितलेली माहिती एकत्र जपण्याची जबाबदारी घ्यावी. यासाठी मोठा निधी लागत नाही, वेळ देणारी माणसे लागतात. कॅसेट वाचण्याचे काम मी विनामूल्य करायला आणि शिकवायला तयार आहे.

अशी सोय होईपर्यंत ज्यांच्याकडे ही यंत्रे किंवा कॅसेट आहेत त्यांनी त्या माळ्यावरून खाली आणून घरातील थंड, कोरड्या कपाटात, स्पीकर आणि मोटारीपासून दूर, उभ्या ठेवाव्यात. कॅसेटच्या मागच्या कडेची प्लास्टिकची कानी मोडून टाकावी, म्हणजे चुकून त्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. यंत्राला उत्सुकतेपोटी वीज देऊ नये. विशेषतः स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा जो पुरवठा लागतो त्याच्या पिनेचा मध्यभाग ऋण असतो आणि बाजारात सहज मिळणाऱ्या बहुतेक अॅडॅप्टरमध्ये तो धन असतो, त्यामुळे उलटी जोडणी होऊन यंत्र जळण्याचा धोका असतो. कॅसेटवर पेनाने लिहिलेले पुसू नये, आणि ते कोणी लिहिले हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका चिठ्ठीवर टिपून कॅसेटसोबत ठेवावे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त जेकार्ड डिझायनर, सोलापूर